गारठ्याने करपलेलं झाड परत फुटेल का? आधी जिवंत भागाची हद्द शोधा

रात्री पारा शून्याखाली उतरतो. सकाळी पानांवर पांढरं दहिवर असतं, दुपारी पानं उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालेभाजीसारखी लोंबतात आणि दोन-तीन दिवसांत अख्खं झाड काळंतपकिरी होतं. कडाक्याचा गारठा पडून गेला की प्रत्येक बागेत त्याच आठवड्यात तेच तीन प्रश्न उभे राहतात. मेलं का? छाटू का? काढून टाकू का?

थोडक्यात उत्तर: छाटू नका, काढू नका, आणि मेलं का ते आज कळणार नाही.

जरा सविस्तर सांगायचं तर 'मेलं का' हा प्रश्नच अपुरा आहे. झाडाझुडपांत सगळं मेलं किंवा सगळं वाचलं असं क्वचितच होतं. शेंड्याकडून खाली येताना कुठेतरी मेलेला भाग संपतो आणि जिवंत भाग सुरू होतो. ही हद्द नुसत्या बारीक काड्यांवर असेल तर झाडाला एक हंगाम उशीर होईल, एवढंच. जाड फांद्यांवर असेल तर आकार पुन्हा घडवावा लागेल. ती कलमाच्या सांध्याखाली (हवं ते झाड दुसऱ्या मुळांच्या खोडावर, म्हणजे खुंटावर, जोडलेलं असतं ती जागा) गेली असेल तर झाड जगलं तरी तुम्ही लावलेलं झाड गेलंच. पाणी, खत, छाटणी, थांबायचं की नाही, सगळं या हद्दीवर ठरतं. आणि पहिले काही आठवडे ती एका जागी नसते, हळूहळू खाली सरकत असते. घाईने छाटणाऱ्याची पंचाईत होते ती इथेच.

आत काय झालेलं असतं

पेशीतल्या रसात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तो शून्य अंशाला गोठत नाही. बर्फ आधी धरतो तो पेशींच्या बाहेर, मधल्या मोकळ्या जागेत. पानांवर राहणारे स्यूडोमोनास सिरिंगीसारखे जिवाणू तर उणे २ अंशांच्या आसपासच बर्फाचा पहिला कण धरायला मदत करतात. बाहेर बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी बाहेर ओढू लागतो. म्हणजे गोठणारं झाड खरं तर आतून वाळत असतं. काटक झाड हे सोसतं आणि बर्फ वितळला की पाणी परत आत घेतं. नाजूक झाडाच्या पेशींची आवरणं या ओढाताणीत फाटतात आणि रस झिरपून बाहेर येतो. म्हणून वितळल्यावर पान आधी ओलसर, गडद, काचेसारखं दिसतं आणि मग काळं पडतं. तापमान फारच झपाट्याने उतरलं तर बर्फ थेट पेशीच्या आत होतो. ती पेशी वाचत नाही.

आता गोंधळात टाकणारी गोष्ट. तेच झाड, तेवढंच तापमान, तरी एका वर्षी काही होत नाही आणि दुसऱ्या वर्षी बुंध्यापर्यंत करपतं. दिवस लहान होत गेले, थंडी हळूहळू वाढली, तर झाडाला तयारीला वेळ मिळतो. ते वाढ थांबवतं, पेशींत साखर साठवतं, पाण्याचा अंश कमी करतं. या तयारीला आठवडे लागतात. ती मोडायला मात्र थोडेच उबदार दिवस पुरतात.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण फ्लोरिडातलं आहे. १८९४ च्या डिसेंबरअखेर तिथे जबर थंडी पडली. संत्र्यांची फळं गेली, पानं गळाली, पण बहुतेक झाडं जिवंत होती. जानेवारी उबदार गेला, झाडांत रस चढला, नवी पालवी आली. मग १८९५ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट आली आणि तिने सालीसकट खोडं फोडली, बागाच्या बागा जमिनीपर्यंत गेल्या. झाडं आधीच फुटलेली होती, हाच घात झाला.

तेव्हा निदान करताना 'किती अंश' याच्या आधी 'त्याआधीचे पंधरा दिवस कसे होते' हे आठवा. उबदार असतील तर नुकसान दिसतंय त्याहून खाली गेलेलं आहे असं धरून चाला. शिवाय बातम्यांतला आकडा तुमच्या बागेचा नसतो. तो माणसाच्या उंचीवरच्या, आडोशातल्या हवेचा असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताच्या पातळीवर त्याहून तीन-चार अंश कमी असणं नेहमीचंच. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साठते. एकाच बागेतली दोन सारखी झुडपं वेगवेगळी करपतात ती बहुतेक यामुळे.

हद्द शोधायची कशी

गारठ्याच्या दुसऱ्याच दिवशी साल खरवडू नका. मेलेली पेशीही काही दिवस हिरवीच दिसते. आठ-दहा बऱ्यापैकी उबदार दिवस जाऊ द्या, मग रंग खरं बोलतो.

शेंड्याकडची काडी घ्या आणि नखाने किंवा पातळ धारेच्या चाकूने सालीचा अगदी वरचा पापुद्रा काढा. साल आणि लाकूड यांच्या मधोमध एक पातळ थर असतो, कँबियम. झाडाची जाडी हाच वाढवतो आणि जखमही हाच भरतो. कोवळ्या काडीत तिथे हिरवं आणि ओलं दिसलं तर ती जागा जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं किंवा साल बुळबुळीत होऊन सुटून आली तर मेलेली. जाड, जुन्या फांदीत मात्र हिरव्याची वाट पाहू नका. तिथला जिवंत थर पांढुरका किंवा फिकट पिवळा असतो, आणि बोट लावलं तर ओलसर लागतो. हिरवं दिसलं नाही म्हणून चांगली खोडं करवतीखाली जातात, ती याच गैरसमजातून.

मेलेलं लागलं की वीतभर खाली या आणि परत बघा. असं जिवंत सापडेपर्यंत. खरवडा छोटा आणि उभा ठेवा, खोडाभोवती गोल कधीही काढू नका.

एका बाजूने बघून समाधान मानू नका, चारही बाजूंनी बघा. आणि वर सगळं हिरवं सापडलं तरी बुंधा आणि फांद्यांच्या बेचक्या तपासाच. थंडीची तयारी झाड वरून खाली करत येतं, बुंधा आणि बेचक्या सगळ्यांत शेवटी काटक होतात. हंगामाच्या सुरुवातीलाच अचानक गारठा पडला तर शेंडा ठणठणीत आणि बुंध्याची साल भाजलेली, असं उलटं चित्रही सापडतं.

काडी आडवी कापली आणि आतलं लाकूड तपकिरी पण सालीखालचं कडं हिरवं दिसलं, तर? हे बरंच दिसतं आणि लोक हमखास घाबरतात. ऐन थंडीत लाकूड कँबियमपेक्षा कमी काटक असतं, त्यामुळे लाकूड जातं आणि कँबियम वाचतं. असं झाड पुढच्या हंगामात त्या काळवंडलेल्या गाभ्याभोवती नवं लाकूड घालतं. सफरचंद-नाशपातीची झाडं काळा गाभा घेऊन वर्षानुवर्षं जगतात. फक्त आतलं लाकूड कमकुवत राहतं. फळांच्या भाराने फांदी मोडू शकते, म्हणून पहिली काही वर्षं फळं विरळ करा आणि टेकू द्या.

डोळेही, म्हणजे न फुटलेल्या कळ्याही, कापून बघता येतात. कळी ब्लेडने आडवी कापा. मध्यभाग हिरवा असेल तर ती फुटेल, काळा ठिपका असेल तर नाही. द्राक्षाच्या एका डोळ्यात मात्र तीन कळ्या दडलेल्या असतात. मुख्य मेली तर दुसरी फुटते. वेल हिरवा होतो, घड कमी येतात. मुख्य काळी दिसली म्हणून काडी टाकून देऊ नका.

पानं वाळली, पण गळतच नाहीत

नवख्याला वाटतं पानं टिकून आहेत म्हणजे झाडात धुगधुगी आहे. बऱ्याचदा उलट असतं. पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाशी एक थर तयार करून ती पान सोडून देते. लिंबू, संत्रं, मोसंबीत हे फार स्वच्छ दिसतं. गारठ्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पानं भराभर गळून झाड उघडं पडलं तर काड्या बहुधा जिवंत आहेत. तपकिरी पानं हलवूनही निघत नसतील तर काडी पान सोडायच्या आधीच मेली. त्या फांदीवर हद्द आणखी खाली शोधा.

सूचिपर्णी झाडांना हा नियम लावू नका. त्यांच्या सुया तांबूस होऊन महिनोन्महिने तशाच राहतात. तिथे टोकाच्या कळ्या बघायच्या. कळी आतून हिरवी असेल तर नव्या सुया येतील आणि जुन्या आपोआप झडतील.

सदाहरित झाडांबाबत आणखी एक गोष्ट. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही, वर ऊन आणि वारा पानांतलं पाणी उडवत असतात. अशा वेळी पानं कडेकडेने, वाऱ्याच्या बाजूने जास्त करपतात. हे गोठण्यापेक्षा तहानेचं नुकसान, आणि त्यातून झाडं तुलनेने चांगली सावरतात.

पालवी आली, आणि मग ऐन उन्हात फांदी माना टाकते

सगळ्यांत फसवी तक्रार हीच, म्हणून जरा थांबून बघू.

झाड पहिली पालवी फोडतं ते बरंचसं फांदीत साठवलेल्या अन्नावर आणि पाण्यावर. फांदीच्या खाली कँबियम चहूबाजूंनी मेलेलं असलं तरी वरचे डोळे फुटू शकतात. शिवाय गोठून वितळताना लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. पानं लहान असतात, हवा थंड असते, तोवर तुटपुंज्या पाण्यावर भागतं. पानं मोठी होतात, ऊन चढतं, मागणी वाढते आणि वाट अरुंद असल्यामुळे सगळं एका आठवड्यात कोमेजतं.

यावर उपाय म्हणून लोक बादल्यांनी पाणी ओततात. माती आधीच ओली असेल तर याने मुळं कुजतात आणि उरलेलं झाडही जातं. आधी वीतभर खोल माती हाताने बघा. वाफसा, म्हणजे चिखल नाही पण पुरेशी ओल, असेल तर पाणी नको. कोमेजलेल्या फांदीच्या तळाशी साल खरवडा, तिथे तपकिरी कडं सापडेल. ती फांदी गेली. तिच्या खालून नवे धुमारे येत असतील तर तेच यापुढचं झाड.

म्हणून पहिल्या पालवीवर विश्वास टाकू नये. पानं पूर्ण आकाराची झाली, दुसरा फुटवा आला आणि तोही तग धरून राहिला, की हद्द स्थिर झाली. छाटणीचा खरा मुहूर्त हा. लिंबूवर्गीय झाडांत यासाठी कधी कधी सहा महिनेही जातात. तोवर बाग वाईट दिसते, हे खरं. पाहुण्यांना दाखवण्यासाठी झाडाची छाटणी करू नये, एवढंच म्हणेन.

थांबण्याचं दुसरंही कारण आहे. छाटणीने झाडाला फुटण्याची हाक मिळते. फ्लोरिडातल्या त्या उबदार जानेवारीने जे केलं तेच सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) होतं, आणि मागून येणारी लाट कोवळ्या फुटव्यांना गाठते. करपलेली पानं-काड्या तशाच राहिल्या तर खालच्या जिवंत भागावर थोडं पांघरूणही होतं.

अपवाद दोन. मोडून लोंबणारी, अंगावर पडेल अशी फांदी लगेच काढा. आणि बुळबुळीत होऊन वास मारणारा मऊ भाग, म्हणजे कर्दळीचे दांडे, केळीची पानं वगैरे, ठेवू नका. त्यातली कूज खाली उतरते.

साल तडकली, सुटली

तडे गारठ्याच्या रात्रीच पडतात, पण डोळ्यांवर येतात कित्येक आठवड्यांनी, साल वाळून उचलली की. दुपारनंतरचं ऊन ज्या बाजूला लागतं तिथे जास्त. दिवसा साल तापते, सूर्य मावळताच झपाट्याने गार होते, आणि तेवढीच पट्टी मरते.

सैल, मेलेली साल धारदार चाकूने जिवंत कडेपर्यंत साफ करा आणि जखम उघडी राहू द्या. डांबर, ऑइलपेंट, मेण यांनी जखम लवकर भरत नाही, उलट ओल आत कोंडते. तडा खोडाच्या एका बाजूला असेल तर झाड कडेकडेने नवी साल चढवून तो हळूहळू झाकतं. साल खोडाच्या पूर्ण घेराने मेली असेल तर त्यावरचा भाग आज हिरवा असला तरी टिकणार नाही.

पानं गळून खोड उघडं पडलं असेल तर उन्हाचा दुसरा मार बसतो. आयुष्यभर सावलीत राहिलेली साल एकदम भाजते. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग तेवढंच पाणी घालून पातळ करा आणि खोडावर, जाड फांद्यांवर लावा. चुनाही चालतो. द्राक्षवेलाच्या तड्यांवर पुढे खडबडीत गाठी येऊ लागल्या तर ती जिवाणूंची लागण असते, गारठ्याच्या जखमांतून शिरलेली. गाठीखालून निरोगी फुटवा घेऊन नवं खोड तयार करणं हाच त्यावरचा बरा मार्ग.

बुंध्यातून जोरदार फुटवे येतायत, पण पानं ओळखीची नाहीत

कलमी झाड असेल तर फुटवा सांध्याच्या वरून आलाय की खालून, हे बघितल्याशिवाय खूश होऊ नका. सांधा बहुतेकदा खोडावर जाडसर गाठीसारखा किंवा किंचित वाकडा दिसतो. त्याखालून आलेला फुटवा खुंटाचा असतो.

लिंबूवर्गीय झाड तीन पानी खुंटावर बांधलेलं असेल तर ओळख सोपी आहे, देठावर तीन-तीन पर्णिका दिसतात. हा खुंट कडाक्याची थंडी सोसतो, त्यामुळे वरचं झाड मेल्यावर तो दुप्पट जोमाने येतो. फळं येतील ती बियांनी भरलेली, कडू. खुंट जंबेरीचा असेल तर पानांवरून कळणं कठीण, तिथे फुटवा नेमका कुठून निघालाय ते माती बाजूला सारूनच बघावं लागतं. गुलाबातही असंच. लांबलचक, सरळसोट, वेगळ्या पानांचे दांडे आणि पुढे भलतीच फुलं.

सांध्याच्या वरचा एखादा डोळा जरी फुटला असेल तरी खुंटाचे फुटवे मुळापासून ओरबाडून काढा आणि सगळा जोर वरच्याला मिळू द्या. वर काहीच उरलं नसेल तर दोनच पर्याय. खुंटाचा एक चांगला फुटवा ठेवून त्यावर नव्याने डोळा भरा (हव्या त्या झाडाची कळी सालीत बसवून कलम करा), किंवा झाड बदला. मुळांचा पसारा जुना आणि मोठा असेल तर मी पहिला पर्याय निवडेन. अशा खुंटावरचं कलम नव्या रोपाच्या कितीतरी आधी मोठं होतं.

स्वतःच्या मुळांवर वाढलेली झाडं इथे नशीबवान. अंजीर, डाळिंब, जास्वंद, बोगनवेल ही छाट कलमाची असतील तर जमिनीतून आलेला फुटवाही तंतोतंत मूळचाच असतो. ऑलिव्हचं उदाहरण तर मोठं आहे. १९८५ च्या जानेवारीत इटलीच्या टस्कनीत पारा काही ठिकाणी उणे २० च्या खाली गेला आणि ऑलिव्हच्या बागा वरून मेल्या. शेतकऱ्यांनी खोडं जमिनीलगत कापली. ऑलिव्हच्या बुंध्याशी फुगीर गाठींत निद्रिस्त डोळे असतात, ते फुटले. आज तिथे एका बुंध्यातून तीन-चार खोडं निघालेली झाडं दिसतात ती त्या हिवाळ्याची.

झाड हिरवंगार, पण फूल नाही, फळ नाही

फुलाची कळी पानाच्या कळीपेक्षा नाजूक असते. झाड वाचतं, त्या वर्षीचा बहर जातो. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाची फुलं जुन्या काड्यांवर आधीच्या हंगामात घडलेल्या कळ्यांतून येतात. त्या काड्या मेल्या की खालून पाला भरपूर आणि फूल नाही. खत वाढवून पाला तेवढा वाढतो.

फुलोऱ्यात आलेल्या झाडाला तर फारच थोडी थंडी पुरते. ऐन थंडीत उणे २० सोसणारं सफरचंद पूर्ण फुललेलं असताना उणे २ अंशांवर दहातलं एक फूल गमावतं, आणि उणे ४ वर जवळजवळ सगळी. फूल उभं कापून बघा, मध्यभागी बीजांडकोश काळा असेल तर त्याचं फळ होणार नाही, पाकळ्या कितीही छान दिसोत. आंब्याचा मोहोर तर शून्याच्या बराच वर असतानाच बिघडतो. झाडाची काळजी करायची ती करा, त्या वर्षीच्या फळाची आशा सोडा.

केळी, पपई, पाम, चाफा

यांना खरवडण्याची परीक्षा नीट लागू पडत नाही.

केळीचं 'खोड' म्हणजे पानांचे एकात एक गुंडाळलेले देठ. वरून थोडं थोडं कापत खाली या. मधला गाभा पांढरा, घट्ट लागला की थांबा. एक-दोन दिवसांत मधोमध नवा पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) वर सरकताना दिसला तर तो दांडा जिवंत. तपकिरी आणि मऊच लागत गेला तर जमिनीलगत कापा. कंद मातीखाली सुरक्षित असतो आणि मुनवे, म्हणजे बाजूची पिलं, येतात.

पपईवर मी फार वेळ घालवणार नाही. खोड पोकळ, शेंडा मेला की आत पाणी उतरतं आणि कूज होते. बी लावलं की वर्षभरात पुन्हा तेवढंच झाड उभं राहतं.

पामच्या झाडाला साधारणपणे एकच वाढणारा कोंब असतो, शेंड्याच्या मधोमध. खोडात कँबियम नसतं, त्यामुळे खोडाची इजा भरून येत नाही. मधला न उघडलेला पोंगा हलकेच ओढा. घट्ट असेल तर बरं. हातात आला आणि बुडाशी सडका वास असेल तर कोंब धोक्यात आहे, पण मेलाच असं नाही. सडकं काढून टाका, जागा कोरडी होऊ द्या, कॉपरयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात पोंग्याच्या जागी ओता, आठवड्याभराने परत एकदा. झावळ्यांचा थोडा भाग जरी हिरवा असेल तरी त्या कापू नका, झाडाची शिदोरी तीच. पुढचा पूर्ण उन्हाळा वाट बघा. पहिली एक-दोन पानं आखूड, वेडीवाकडी येतील. कोंबात असतानाच त्यांना इजा झालेली असते, तो नवा रोग नव्हे.

चाफ्याची (चिकाच्या देवचाफ्याची, सोनचाफ्याची नव्हे) टोकं मऊ, काळी पडली तर मात्र थांबू नका. पांढराशुभ्र गर आणि वाहता चीक दिसेपर्यंत कापत खाली या, प्रत्येक कापाआधी हत्यार पुसा. इथे कूज रोज खाली उतरते.

कुंडीतली झाडं

मुळं ही झाडाचा सगळ्यांत कमी काटक भाग. जमीन त्यांना सांभाळते, कुंडीत चारही बाजूंनी थंडी लागते. जमिनीत लावलेलं जे झाड सहज वाचतं तेच कुंडीत दगावतं, आणि वरून काही दिवस ठीकही दिसतं. माती वितळल्यावर झाड हळूच कुंडीबाहेर काढा. मुळं पांढरी किंवा फिकट, टणक असतील तर जिवंत. दाबल्यावर वरचं साल मोज्यासारखं सरकलं आणि आत दोरा उरला तर मेलेली. अर्धी वाचली असतील तर वरची वाढही त्या हिशेबाने हलकी करा. छाटणी लवकर करावी असा हा आणखी एक प्रसंग.

पाणी आणि खत

जमीन वितळली आणि कोरडी असेल तर एकदा खोलवर पाणी द्या. नंतर हात आखडता. पानंच नसलेलं झाड पाणी उडवणार कुठून? नेहमीच्या वेळापत्रकाने पाणी देत राहिलात तर आळं चिखलाचं होतं आणि मुळं गुदमरतात.

खत नवी पालवी टिकल्यावर, तेही नेहमीपेक्षा कमी. वरचा अर्धा भाग गेलेल्या झाडाला पूर्ण खुराक देण्यात अर्थ नाही. इजा झालेल्या मुळांना खतातले क्षार जास्तच बाधतात. 'झाडाला धक्का बसलाय, टॉनिक द्या' असं सांगत जी बाटली पुढे केली जाते ती बाजूला ठेवा. धक्क्यातून बाहेर यायला झाडाला साठवलेलं अन्न आणि वेळ लागतो.

मग हात कधी टेकायचे

बुंध्याशी, मातीच्या दोन बोटं खाली, चारही बाजूंनी तपकिरी आणि मुळंही मऊ, तर झाड गेलं. यापेक्षा कमी पुराव्यावर काढू नका. अंजीर, डाळिंब, पेरू, बोगनवेल, जास्वंद यांना वाढीचा पूर्ण एक हंगाम द्या. ती जमिनीखालून, सगळी बाग हिरवी झाल्यावर, कधी तर ऐन उन्हाळ्यात फुटतात. मोठं आंब्याचं झाड पानं आणि बारीक काड्या गमावून जाड फांद्यांवरून परत येतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं आंब्याचं रोप बहुधा येत नाही, तिथे नवं लावण्याची तयारी ठेवा.

पुढच्या वेळी

झाकायचं ते जमिनीपर्यंत. फक्त शेंड्याला फडकं गुंडाळून खोडाशी बांधलं तर जमिनीची ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका, आणि सकाळी काढून घ्या. आदल्या दिवशी माती भिजवा, ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते आणि रात्री सोडते. कलमी रोपाचा सांधा मातीच्या ढिगाखाली झाकून ठेवला तर वरचं सगळं करपूनही हद्द सांध्याच्या वर राहते. थंडी सरली की ढीग आठवणीने काढा, नाहीतर साल कुजते. हंगाम संपत आल्यावर नत्र देऊ नका.

रात्रभर फवारा सुरू ठेवण्याची युक्ती खरी आहे, पाणी गोठताना उष्णता सोडतं. पण मध्येच फवारा थांबला, किंवा कोरडा वारा सुटला, तर बाष्पीभवन त्याच्या कित्येक पट उष्णता ओढून घेतं आणि न फवारता झालं असतं त्याहून जास्त नुकसान होतं. सकाळी बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पाणी पुरेल याची खात्री नसेल तर नळाला हात लावू नका.